डबड्यातली हाळी

परभणीहून सुटलेली एक्स्प्रेस पेडगावला थांबत नाही, हे आमच्या गावातल्या शेळीलासुद्धा माहीत आहे. म्हणून ठरलं असं, की माय मला परभणी स्टेशनावर बसवून देणार आणि आबा पेडगावजवळ रुळाच्या कडेला मेंढरं घेऊन उभे राहणार. मी डब्याच्या दारातून हात करायचा. एवढं साधं काम. मी चुकीच्या दारात उभा राहिलो.

सोयाबीन खुरपणाऱ्या अनोळखी बायांना मी डोळे भरून निरोप दिला. त्यांनीही हात केला, म्हणजे माणसं चांगली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अबबब, मेंढरं बघा किती!" मी दुसऱ्या दाराकडं धावलो, वाटेत एका आजीच्या उघड्या जेवणाच्या डब्यात पाय घातला आणि पोचलो तेव्हा आबा मागं मागं जात होते. तोंडाशी हात, तोंड उघडं. हाळी देत होते. गाडीच्या खडखडाटात एक अक्षर कानावर आलं नाही. मी पुण्यापर्यंत त्या हाळीसाठी डोळे पुसत गेलो, आणि आजी तिच्या पिठल्यासाठी माझ्याकडं बघत राहिली.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी आबांना विचारलं, "तवा काय म्हणत होतात?"

"तुला कुठं? एक मेंढरू रुळाकडं चाललं व्हतं."

असो. मी निघालो होतो ते 'माध्यम आणि संवाद' शिकायला. पदवीचं हे नाव गावाला सांगून उपयोग नव्हता. मीडिया म्हणजे पोरगं टीव्हीवर दिसणार, असा सगळ्यांचा हिशेब. माय रोज बातम्या लावून बसायची आणि कुठं पूर आला की पाण्याआधी माझं तोंड शोधायची. आबांना मात्र टीव्हीचं कौतुक नव्हतं. त्यांचा गुडघा गेलेला, मी एकुलता एक, मेंढरांच्या खांडामागं फिरायला तिसरं कुणी नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मोजून-मापून सांगितलं होतं, "एक साल जा. काय शिकलास ते मला दाव. पटलं तर फुडं शीक. न्हाई तर काठी हायच."

काठी तिकडंही होतीच. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातात बूम दिला, म्हणजे लांब दांडा आणि टोकाला माईक. बोलणाऱ्याच्या डोक्यावर, पण कॅमेऱ्यात न दिसता तो धरायचा. मी तो मानेमागं दोन्ही खांद्यांवर आडवा टाकला, त्यावर हात लोंबकळत सोडले आणि एका पायावर उभा राहिलो. आमच्याकडं दिवसभर असंच उभं राहतात. फक्त आमच्याकडं मागं वर्गमित्र नसतात. मी वळलो आणि माईक एकाच्या कपाळावर बसला. रेकॉर्डिंगमध्ये तो 'टक्' फार स्वच्छ आला. मॅडम म्हणाल्या, "आवाज छान पकडलास. आता माणसं सोडून पकड."

त्यांनीच मग असाइनमेंट दिलं. आपल्या गावचा एक आवाज आणा. दिवाळीला मी कॉलेजचा रेकॉर्डर घेऊन आबांमागं फिरलो. वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपी असते, ती दुसऱ्याच दिवशी आमच्या शेळीनं खाल्ली. मग मायनं कातरलेल्या लोकरीचा गोळा माईकवर सुतळीनं बांधून दिला. वारा बाहेर, आवाज आत. परत गेल्यावर मॅडमनी तो गोळा हातात घेतला, दाबून पाहिला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. वर्गातली पोरं अजून तसला मागतात.

रेकॉर्डिंगमध्ये आबांची पाण्यावर न्यायची हाळी होती. घशातून निघून वर चढणारी, शेवटी तुटणारी. वर्गात दिवे घालवून ती ऐकवली. संपल्यावर मॅडमनी ती पुन्हा लावायला सांगितली. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण माझा पेपर तपासणारा पेडगावला बसला होता.

मे महिन्यात मी ब्लूटूथ स्पीकर घेऊन रानात गेलो. मेंढरं बाभळीखाली माना खाली घालून बसलेली. आबा म्हणाले, "हं, दाव." सपाट जागा हवी म्हणून मी स्पीकर जरा लांब, शेजारच्या किशनराव पाटलांच्या बांधावरच्या दगडावर ठेवला. बांधापलीकडं कालव्याच्या पाण्यावर वाढलेला त्यांचा उन्हाळी भुईमूग. परत आबांजवळ आलो आणि मोबाईलवर बटण दाबलं.

हाळी उठली. पाठोपाठ अख्खं खांड उठलं. निघालं थेट स्पीकरकडं, तिथून भुईमुगात.

मी बंद करायला गेलो आणि घाईत आवाज वाढवला. इकडं आबा "हुर्र, हुर्र" करून मागं बोलावतात, तिकडं आबाच जोरानं पाण्याला बोलावतात. मेंढरं दोन मालकांच्या मधे गरगरा फिरायला लागली. मोबाईल माझ्या हातातून निसटून ढेकळात गेला. शेवटी आबा लंगडत बांधावर गेले आणि स्पीकरवर बसले. त्यांच्या बुडाखालून त्यांचाच आवाज घुमत राहिला.

किशनराव धावत आले. "अहो आबा, पोराला शिकाया धाडलं का माझं रान चाराया?"

"चुकलं, पाटील. तुमचा भुईमूग निघाला की खांड तुमच्या रानात बसवतो. खताची सोय व्हईल."

"ते बसवाल हो. पण हे पोरगं नका बसवू!"

मी मनात हॉस्टेलची खोली रिकामी केली. घरी जाताना आबा लंगडत पुढं चालले. मी मुकाट्यानं त्यांच्या हातची काठी घ्यायला गेलो, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"परवा तुझ्या मामानं माझ्यावाणी हाळी देल्ती. लय जोर लावला. एकानं कान हलवला न्हाई," ते म्हणाले. "माणूस कशालाबी भुलतंय. मेंढरू खोट्याला उठत न्हाई. तुझ्या डबड्याला उठलं." थोडं चालले. "जा. फुडचं साल कर."

पुढची सालंही झाली. अव्वल गुणांची गुणपत्रिका आहे माझ्याकडं, पण कुणी विचारलं तर मी मेंढरांनी दिलेलीच सांगतो. आता पुण्यात एका स्टुडिओत लोकांचे आवाज नीट करतो. आणि गावाकडं, आबांचा गुडघा सुजला की माय पदराखाली तोच स्पीकर घेऊन खांडापुढं चालते. आबा बाजेवरून कुरकुरतात, "माझाच आवाज मला सोडून कामाला जायलाय." पण येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ऐकवतात.

गावाकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठं असं विचारलं की मी पूर्वी पत्ता सांगायचो. आता मला वाटतं, ज्या आवाजाला आपण विचार न करता उठतो, तिथं.

या खेपेला निघालो तेव्हा मी बरोबर दारात उभा होतो. मेंढरं मायबरोबर पाण्यावर गेलेली. रुळाच्या कडेला आबा एकटेच. काठी टेकलेली, तोंडाशी हात, तोंड उघडं. गाडीच्या खडखडाटात ह्याही वेळी काही ऐकू आलं नाही.

पण रुळाकडं एकही मेंढरू नव्हतं.