वळणावर उभं केलेलं इंजिन

कचरू ओहोळ गेल्यावर त्यांच्या जलदानविधीला चार शब्द बोलायला हिंदुरावांना उभं केलं, आणि ते दुसऱ्याच वाक्याला खाली बसले. खरं तर या माणसाची त्यांना माहिती होतीच किती? बायकोचं नाव अक्काबाई, हेही त्यांना त्या दिवशीच कळलं.

साखर कारखान्याच्या काट्यावर हिंदुराव उसाच्या वाघिणींची वजनं लिहीत. कचरू त्या वाघिणी इंजिनानं छोट्या लायनीवरून ओढून आणत. काट्याच्या खिडकीतून दिसायचं ते त्यांचं कोपर आणि लांब चोचीचा तेलाचा डबा. इंजिनाच्या पोटाखाली चाकांचे दोन गाडे होते, मधे सांधा. ओढ्याचं वळण आलं की पुढचा गाडा आधी वळे, मागचा सावकाश मागून येई. रोज सकाळी कचरू आधी त्या सांध्याला तेल घालत, मगच चहाला हात लावत.

लाइन बंद पडून बरीच वर्षं झाली. गेल्या साली ते गंजकं इंजिन निमगाव केतकीच्या बागेत शोभेला आणलं. बागेच्या समितीत हिंदुराव होते, पण सहीपुरते. ठेकेदार दादासाहेब इंजिनाभोवती फिरून म्हणाले, "मधेच वाकलंय. कुठंतरी धडकलं असणार. सरळ करून वेल्डिंग मारू."

हे कानावर गेलं तसे कचरू हिंदुरावांच्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"वाकलं न्हाय हो ते! वळायसाठीच तसं केल्यालं हाय. वेल्डिंग मारलं की ऱ्हायली नुसती टाकी. तुमी सांगा, आबा."

"मी? बैठकीत कधी तोंड उघडलंय का मी?"

"म्हणून तर. तुमी बोललात की लोक दचकून ऐकतील."

बैठकीत हिंदुराव उठले तेव्हा त्यांची कानशिलं तापली होती. "सांधा मोकळा ठेवा," ते म्हणाले. "आणि रूळ वळणाचे टाका."

दादासाहेब हसले. "आबा, बागेत कुठं जायचंय इंजिनाला?"

"कुठं नाही. पण ते कसं जायचं, ते तरी दिसंल."

लोक खरोखरच दचकले. रूळ वळणाचे पडले.

मग कचरू रोज सकाळी बागेत येऊ लागले. जागचं न हलणाऱ्या इंजिनाच्या सांध्याला तेल घालायचे. हिंदुराव बाकावर थर्मास घेऊन बसायचे. बोलणं बेताचंच. शेवटच्या दिवशीही तेवढंच.

"तेल संपत आलं, आबा."

"उद्या बाजारातनं आणतो."

"जाड आणा. पातळ गळून जातंय."

"बरं. चहा घ्या आता, गार होतोय."