डुकरांचा बंदोबस्त
नवी पेठेतल्या दोरीच्या दुकानात अंबाडीचा वास आला आणि चुलत्याची वाघर आठवली. रानडुकरं धरायचं ते जाळं शिकारबंदीपासून आमच्या माळ्यावर पडून होतं. काही वर्षांपूर्वी वैरागला दिल्लीच्या मोठ्या मंत्रीसाहेबांची सभा झाली, सगळी हिंदीत. चुलत्यानं मला कोपरानं ढोसलं, "काय म्हनत्यात?" मी कॉलेजात शिकणारी, ऐटीत सांगितलं, "डुकरांचा बंदोबस्त करा म्हणतात." खरं तर साहेब 'आम्ही करू' म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी चुलत्यानं डुकरांनी मोडलेल्या ज्वारीच्या कडेला वाघर ताणली. डुकरं आलीच नाहीत, फॉरेस्टवाले आले. "सायबांनीच सांगितलंय की! हिला इचारा," चुलता ओरडला. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी चपलेनं ढेकळं फोडत राहिले. वाघर जीपमधून गेली. त्यानंतर चुलत्यानं मला कशाचाच अर्थ विचारला नाही. आज दुकानातल्या टीव्हीवर तेच साहेब पायउतार होत होते आणि त्यांनी गावांसाठी काय काय केलं ते निवेदिका सांगत होती. आमच्या ज्वारीत डुकरं अजून येतातच. साहेबांच्या बंगल्याबाहेर मात्र कडक बंदोबस्त होता.