उभ्यानं प्यालेलं पाणी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात कुठंही वेळेवर पोहोचले नाहीत. हे मी रागानं म्हणत नाही. उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, त्यांचं आडत दुकान, आणि त्यांच्या उशिरावर लोकांचा इतका भरवसा की दाजी आले म्हणजे कार्यक्रम आटोपत आला असं मंडळी धरून चालत. स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरदेव सव्वा तास उशिरा मांडवात आला. आमचे वडील वेशीत घामाघूम, वाजंत्रीवाले वाजवून वाजवून लिंबाखाली आडवे झालेले, आणि दाजी आले ते दोन्ही हात जोडून "शरणार्थी, शरणार्थी" असा आम्हा लिंगायतांचा नमस्कार करत, म्हाताऱ्याकोताऱ्यांची ख्यालीखुशाली विचारत. उशीर का झाला, तर वाटेत एका गावात कुणीतरी पाणी दिलं होतं.

पाणी प्यायला असा कितीसा वेळ लागतो, असं तुम्ही म्हणाल. दाजींना लागतो. उभ्यानं पाणी पिऊ नये असं आपल्याकडं घरोघरी सांगतात. आपण मान डोलावतो आणि नळाला तोंड लावतो. दाजींनी मात्र आईचं हे सांगणं व्रतासारखं धरलं. तांब्या हातात आला की आधी बूड टेकायला जागा शोधायची, चपला काढून मांडी घालायची, घोट घोट प्यायचं, आणि पाजणाऱ्याचं गाव, सोयरेधायरे, औंदाचा तुरीचा उतारा, सगळं विचारूनच उठायचं. मी लातूरच्या एका शाळेत शिक्षक, म्हणून मला ते मास्तर म्हणत. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "मास्तर, पानी देनाऱ्याच्या हातात निस्ता गिलास परत द्यावा का? मानूस हाय का टाकी हाय त्यो?" उदगीर स्टेशनावर एकदा असेच नळाजवळ बसून पाणी प्याले, आणि त्यांचं अंथरूण, डबा आणि नवी छत्री एवढंच सामान गाडीनं पुढं गेलं. छत्री अजून मिळालेली नाही.

अक्का, म्हणजे माझी ही बहीण, याच्या अगदी उलट. हिची कामं सूर्य उगवायच्या आत उरकलेली. आम्हाला वाटायचं, हिचं कसं व्हायचं! पण तिनं कधी तक्रार केली नाही. पाहुणे ताटावर खोळंबले, पुरणपोळ्या गार झाल्या, की ती एवढंच म्हणायची, "येतील. बसले असतील कुठंतरी पानी पीत." आणि पुन्हा तवा तापत ठेवायची. हे वाक्य तिनं तीस-बत्तीस वर्षांत इतक्यांदा म्हटलं की आमच्या घरात कुणालाही उशीर झाला की आम्ही तेच म्हणू लागलो.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी अक्काच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी उदगीरच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले थांबू नका, लातूरला न्या. शेजाऱ्यांनी तिला गाडीत घातलं आणि मोंढ्यात निरोप धाडला. दाजी सौद्यात उभे होते. निरोप ऐकला आणि तसेच स्टँडवर आले, पण आले ते चालत. पळणं त्यांना माहीतच नव्हतं. लातूरची जीप भरत आली होती. "चला मालक, एकच शीट राहिलीय," ड्रायव्हर ओरडला. भीतीनं दाजींच्या घशाला कोरड पडली होती. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं त्यांचं तोंड बघून पाण्याचा गिलास पुढं केला. गिलास हातात आला आणि दाजी सवयीनं पायरीवर बसले. पाणी पिऊन वर बघतात तर जीप निघून गेलेली. पुढची पाऊण तासानं मिळाली.

मी दवाखान्यात अक्काजवळ होतो. तिनं दोनदा दाराकडं पाहिलं. "निघालेत दाजी," मी म्हणालो. तिनं तोंडावरचा मास्क जरा बाजूला सारला आणि म्हणाली, "येतील. बसले असतील कुठंतरी पानी पीत." त्यानंतर ती बोलली नाही. दाजी आले तेव्हा ती जाऊन अर्धा तास होऊन गेला होता. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय म्हनली का?" मी म्हणालो, "काही नाही." पुढं जीपची हकिगत कळली तेव्हा तर मी ते वाक्य गिळूनच टाकलं. खरं निघालेलं ते वाक्य त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

त्यानंतर वर्षभर दाजी कुठं गेलेच नाहीत, त्यामुळं त्यांना उशीरही झाला नाही. एकदा मी भेटायला गेलो असताना, काहीतरी बोलायचं म्हणून, आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक हैदराबादच्या मॅरेथॉनला जातात ते सांगत बसलो. एकवीस किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, साडेतीन तासांत पोहोचायचं, नंतर गेट बंद. दाजी पहिल्यांदाच मान वर करून ऐकू लागले.

"म्हंजे वेळंच्या आत गेलं तर पोचला म्हनत्यात?"

"हो. पदक देतात."

"पदकाला काय करायचंय मास्तर. निस्तं पोचला म्हनत्यात का न्हाई, ते सांगा." मी हो म्हणालो. "मग माझं नाव घाला," दाजी म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "पर अर्धी कामून? अर्ध्यातनं माघारी यायचं म्हंजे तर आपलं नेहमीचंच झालं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी दाजी पळायला शिकले. पहिल्या दिवशी ते पांढऱ्या विजारीवर पांढरे बूट घालून मोंढ्याच्या रस्त्यानं पळत निघाले आणि हाहाकार उडाला. दाजींना पळताना कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं. एका आडत्यानं काहीतरी भयंकर घडलंय असं समजून शटर खाली ओढलं, त्याचं बघून शेजारच्यानं ओढलं, आणि चार हमाल "काय झालं मालक? कामून पळायलाव?" करत त्यांच्या मागं पळू लागले. किल्ल्यापर्यंत ही वरात गेली. तिथं दाजी दम खायला थांबले, हमालांना चहा पाजला, आणि अर्थातच सगळ्यांसोबत बसून पाणी प्याले. पुढं रोज पळाले. डॉक्टरांना विचारून, छाती तपासून, ऊन बघून, पण पळाले.

हैदराबादला मी त्यांच्याबरोबर गेलो. पहाटे हजारो माणसं रंगीबेरंगी बनियनांत उड्या मारत होती आणि त्यांत आमचे दाजी डोक्यावर टोपी घालून प्रत्येकाला "शरणार्थी" करत होते. गळ्यातलं इष्टलिंग हलू नये म्हणून त्यांनी वरून उपरणं आवळून बांधलं होतं. मी एकच विनवलं, "दाजी, तेवढं पाण्याचं बघा." ते म्हणाले, "हाव हाव."

पुढचं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. पहिल्या पाण्याच्या टेबलापाशी ते रस्त्याच्या कडेला बसले. बूट काढले. पाणी देणाऱ्या मुलीला विचारलं, "बेटा, कौनसे गाव की तुम?" ती निघाली बिदरकडची. बिदर म्हणजे उदगीरच्या उशाशी. मग काय, तिच्या चुलत्याचं आडत दुकान निघेपर्यंत दाजी उठले नाहीत. दुसऱ्या टेबलापाशी बसले, तिसऱ्या टेबलापाशी बसले. डॉक्टर धावत आले, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. दाजींनी त्यांनाही गाव विचारलं.

मी शेवटच्या टेबलाजवळ उभा होतो. तिथून गेट दिसत होतं, वरचं मोठं घड्याळही दिसत होतं. साडेतीन तासांना नऊ मिनिटं उरली तेव्हा वळणावर टोपी दिसली. हा माणूस आता इथं बसणार, बूट काढणार, आणि गेट बंद होणार. एका मुलानं ग्लास पुढं केला. दाजींनी तो घेतला. बसायला जागा शोधल्यासारखी मान डावीकडं वळली, एक गुडघा जरासा वाकलाही. मग त्यांनी वर बघितलं, घड्याळाकडं, आणि गुडघा सरळ केला. उभ्यानंच, पळता पळता, त्यांनी पाणी तोंडात ओतलं. निम्मं उपरण्यावर सांडलं. ठसका लागला, तरी थांबले नाहीत. मी कडेकडेनं त्यांच्यामागं पळत सुटलो आणि का कोण जाणे, मला रडू फुटलं.

चार मिनिटं राखून दाजी पोहोचले. गळ्यात पदक पडलं. मला वाटलं होतं, ते हसतील. ते गेटाच्या पलीकडं उभे राहून इकडंतिकडं बघत होते, कुणीतरी न्यायला येणार असल्यासारखे. मी जवळ गेलो तर माझा दंड घट्ट धरला.

"मला पळता येत होतं मास्तर," ते म्हणाले. "त्या दिशी पन येत असंल की. म्या बसलो कामून?"

माझ्याजवळ होतं ते अक्काचं एक वाक्य, दोन वर्षं घशात अडकलेलं. ते मी तिथं, त्या गर्दीत, सांगून टाकलं. दाजींनी माझा दंड सोडला.

"रागानं म्हनली?"

"नाही दाजी. तवा तापत ठेवताना म्हणायची ना, तशी."

"म्हंजे तिला ठावं होतं," असं म्हणून ते मटकन खाली बसले. कुणीतरी पाण्याची बाटली हातात दिली. दाजींनी सावकाश बूट काढले, मांडी घातली आणि हुंदके देत ती बाटली घोट घोट संपवली. "अंकल, बाजू हटो," म्हणायला आलेला पोरगा स्वतःच बाजूला झाला.

आता दाजी सगळीकडं वेळेआधी पोहोचतात. लग्नाला जातात तेव्हा मांडव घालणारे अजून खांब रोवत असतात. मला हे मुळीच आवडत नाही. माझे जुने दाजी मला हवे आहेत. परवा अक्काच्या स्मरणाच्या दिवशी जेवण बारा वाजता ठेवलं होतं, दाजी नऊलाच लातुरात माझ्या दारात हजर. मी पाणी दिलं. ते खाली बसले, तांब्या पुढ्यात ठेवला आणि रिकाम्या घराकडं बघत म्हणाले, "कुनीच आलं न्हाई अजून?"

"नाही दाजी."

"येतील," दाजी म्हणाले. "बसले असतील कुठंतरी पानी पीत." आणि दाराकडं बघत राहिले.