कोलंबीला कोणती वाईन?

मी दत्तात्रय केशव मगदूम, वय वर्षे चौऱ्याहत्तर. निवृत्तांच्या मंडळात किस्से आपोआप साचतात. आमच्या मंडळातील बहुतेक माझ्यावरचे आहेत. इतर ते हसत सांगतात. मला ते लिहूनच सांगता येतात.

शाळा सातवीत सुटली, पुढचे सारे मी वाचून मिळवले. वाचनालयातील वाईनविषयीचा जाड इंग्रजी ग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून मी दोन महिन्यांत संपवला. तेव्हापासून मंडळात मी ‘मास्तर’ झालो आणि माझे मित्र बाबासाहेब मला सल्ला विचारू लागले.

“मास्तर, रविवारी कोलंबी हाय. वाईन कुठली आणू?”

“पांढरी, कोरडी आणि थंड,” मी म्हणालो.

“पांढरा रस्सा हाय की घरात. त्योच गार करतो!”

*

रविवारी बाटली आली. मी ती उजेडात धरली, नाकाशी नेली आणि म्हणालो, “लिंबाच्या सालीचा गंध स्पष्ट आहे.”

बाबासाहेब शांतपणे म्हणाले, “मास्तर, बूच अजून काढायचं हाय.”

*

त्याच दुपारी मंडळातील शंकरअण्णांनी तिखटजाळ सुक्या कोलंबीवर माझ्या शिफारशीच्या वाईनचा घोट घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

“आगीवर पाणी पडंल म्हटलं, तर ह्यानं फुंकर घातली की!”

“अपेक्षित परिणाम तोच आहे,” मी म्हणालो. ग्रंथात तसे काहीही नव्हते.

*

पुढचा किस्सा मंडळात कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांच्या पत्नी सुमनवहिनींना घरगुती जेवणाची पहिली ऑर्डर मिळाली. पुण्याचे वीस पाहुणे होते. जेवण आवडले, तर दर महिन्याला येणार होते. वाईन ते स्वतःच आणणार होते. वाईनसोबत कोलंबी कशी करावी, हे वहिनींनी मला विचारले. मी सांगितले, “कांदा-लसूण चटणी वर्ज्य. केवळ लोणी, लसूण आणि मीठ.”

“भावजी, चटणीबिगर? आमच्या हातचं त्येच तर खात्यात लोकं.”

“वहिनी, ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे.”

त्यांनी माझे ऐकले. पाहुणे निमूटपणे जेवले. निघताना एक बाई सौजन्याने म्हणाल्या, “छान होतं. पण असं आम्ही पुण्यातही खातो. कोल्हापुरी कोलंबी मिळेल असं वाटलं होतं.”

दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला गेलो. वहिनींनी लालभडक कोलंबीचे ताट वाढले आणि पाहुण्यांची उरलेली वाईन स्टीलच्या पेल्यात ओतली. मी एक घोट घेतला.

“कशी लागती?”

“सांगता येत नाही, वहिनी. आयुष्यात प्रथमच घेत आहे.”

वहिनींनी पेला उचलून मोरीत रिकामा केला आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“जेवा, भावजी. गार हुतंय.”

पुण्याचे पाहुणे पुन्हा आले नाहीत. चटणी किती घालावी, हे वहिनींनी त्यानंतर कोणालाही विचारलेले नाही.