सासऱ्यांची गाडी आणि माझी सेडान

सासऱ्यांनी घेतलेली जुनी गाडी आमच्या राजुरीच्या घरी अजून आहे. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, पुढची सीट बाकासारखी सलग, क्लच भलताच जड. लग्न झाल्यापासून तीस वर्षं मी त्या सीटच्या डाव्या टोकाला बसले. एकदा मला शिकवा म्हटलं, तर नवरा म्हणाला, "ही गाडी बाईमाणसाला जमायची नाय." मी पुन्हा विचारलं नाही. त्याबद्दल आज मला स्वतःचाही राग येतो.

मी शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मंचरला जाऊन गाडी शिकले आणि पांढरी सेडान घेतली, आपोआप गिअर पडणारी. पहिल्याच दिवशी नवरा शेजारी बसून म्हणाला, "हिला काय चालवणं म्हणत्यात? गाडीच चालती, तू नुसती बसती." मग प्रत्येक फेरीला तुलना. सेडानचा पत्रा पापडासारखा, जुनीचा खरा पत्रा. सेडान बिघडली की लॅपटॉपवाला माणूस लागतो, जुनी तारेच्या तुकड्यावर घरी येते. यातलं बरंच खरं होतं. पण तो गाडीबद्दल बोलत नव्हता, हे मला कळत होतं.

मे महिन्यात आणे गावी नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. मी सेडान बाहेर काढली, तर हा हट्टाला पेटला. "घरचं कार्य हाय, जुनीच न्यायची." आणे घाटात अर्ध्यावर ती तापली, बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. त्याने चाकामागे दगड लावला आणि माझ्या हातात रिकाम्या बाटल्या दिल्या. पैठणी सावरत मी खालच्या हॉटेलातून पाणी आणलं, तेही दोनदा. पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

"भाऊ, उशीर केला?" मांडवात कुणीतरी विचारलं.

"हिचं आवरंना राव," नवरा म्हणाला. सगळे हसले.

मी जेवण न करता एसटीने घरी आले.

पावसाळ्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जुनी गाडी फार दिवस बंद राहू नये म्हणून तो मेकॅनिकला बोलावणार होता. दुपारी तो आडवा झाल्यावर मीच किल्ली घेतली. चोक ओढला. थोडं घरघरून इंजिन सुरू झालं. दोनदा बंद पाडलं. क्लच जड होता, पण पायाखाली जात होता. दांडीवरचे गिअर चुकत चुकत सापडले. तिसऱ्या वेळी गाडी फाटकाबाहेर काढली आणि शेताच्या रस्त्याने विहिरीपर्यंत नेली. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल.

आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. विहिरीपाशी गाडी वळवताना मला राग आला. एवढंसं शिकायला मला तीस वर्षं थांबवलं होतं.

परत आले तर नवरा काळा चष्मा लावून ओट्यावर उभा.

"कोन चालवत व्हतं?"

"मी."

तो ओट्यावरून उतरून गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, "क्लच सावकाश सोडत जा."

त्याने हात पुढे केला, पण मी किल्ली दिली नाही. आत जाऊन माझ्या पर्समध्ये टाकली. हल्ली कोणती गाडी काढायची ते मी ठरवते. त्याला वाटतं, प्रकरण मिटलं. माझ्या मनात ते मिटलेलं नाही.