फिजूलथेरपी

मी मोपेडवरून पडले, आणि तेही उभ्या मोपेडवरून. चालत्या गाडीवरून पडलेल्या माणसाला थोडा तरी मान मिळतो. कुठे पडलात, समोरून ट्रक आला का, असं लोक काळजीने विचारतात. मी आमच्याच अंगणात, स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून पेडल मारायचा सराव करत होते. गाडी स्टँडवरून उतरली, मी तुळशीच्या ओट्यावर उजवा हात टेकायला गेले आणि कोपर मोडून बसले. पारोळ्यात ही बातमी माझ्या आधी दवाखान्यात पोचली. शाळेतल्या पोरांनी तर मधल्या सुट्टीत माझं पडणं करून दाखवायचा खेळच सुरू केला होता, असं मला सहकारी बाईंनी मोठ्या आनंदाने सांगितलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. तेव्हा पलास्तर म्हणजे उपचाराचा कळस. पलास्तर घातलं की माणूस आजारी आणि काढलं की बरा, अशी साधी सरळ समजूत होती, माझीसुद्धा. त्यामुळे धुळ्याच्या डॉक्टरांनी पलास्तर कापलं आणि आतून एक बारका, फिकट, कुणा दुसरीचाच असावा असा हात निघाला, तेव्हा मी गोंधळले. कोपर अर्ध्यावर अडलेलं. सरळ होईना, पुरतं वाकेना. त्याहून वाईट म्हणजे तळहात उताणा होईना. जमिनीकडे तोंड करून तो जो बसला होता, त्याला वर बघायचंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता दिवसाआड इथे येऊन फिजिओथेरपी घ्या.

घरी येऊन मी हे नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे सासरे. शेती मुलाकडे सोपवून झाली होती, फक्त मतं तेवढी स्वतःकडे ठेवली होती. ते ओसरीवर बाजेवर बसलेले. त्यांनी मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला, थोडा विचार केला आणि निकाल दिला.

"हाड जुडनं, पलास्तर निंघनं, आते काय ऱ्हायनं? बठ्ठी फिजूलथेरपी शे ती."

अहिराणीत बठ्ठी म्हणजे सगळी. त्यांना खरंच तसं ऐकू आलं की त्यांनी तो शब्द तिथल्या तिथे घडवला, हे मला आजवर कळलेलं नाही. पण आठवड्याभरात गल्लीत तो शब्द रुळला. पाण्याला आलेल्या बायका विचारायच्या, काय मॅडम, आज फिजूलला जाणार का? प्रत्येकीकडे माझ्या हातासाठी एकेक उपाय तयार होता. कुणी करडईचं तेल सांगे, कुणी बादली भरून पाणी उचलायला सांगे, कुणाच्या माहेरी हाडं बसवणारा एक म्हातारा होता आणि तो हाडाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायचा म्हणे. मी नवऱ्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "तू बघ." आमच्या लग्नापासून त्याचं हेच उत्तर आहे. साडीचा रंग असो की मुलाची शाळा, मीच बघत आले आहे.

मलाही मनातून नानांचंच पटत होतं. सकाळची शाळा करून भर एप्रिलात एसटीने धुळ्याला जायचं, उन्हात भाजून परत यायचं, आणि कशासाठी, तर हात हलवायला? हात काय घरी हलत नाही? फळ्यावर लिहिता येत होतं. जेवताना चमचा वापरत होते. वेणी शेजारीण घालून देत होती. जगायला एवढं पुरतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

पण मध्ये आखाजी होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. सासूबाई जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. त्यांची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, आणि नैवेद्याला मांडे. तव्यावरची पुरणपोळी नव्हे, खापरावरचे मांडे. ज्यांनी ते करताना पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कणकेच्या दोन पाऱ्यांत पुरण भरून थोडं लाटायचं, आणि मग ती पोळी उचलून दोन्ही हातांवर घ्यायची. हात उताणे-पालथे करत ती या हातावरून त्या हातावर खेळवायची. ती वाढत वाढत कोपरापर्यंत येते, पातळ होते, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. यात पोळपाट नाही, उलथनं नाही, आहेत ते फक्त दोन हात. हे मला सासूबाईंनी शिकवलं. नव्या सुनेला त्यांनी स्वयंपाकातलं दुसरं काहीच शिकवलं नाही, म्हणाल्या बाकीचं भूक लागली की येतं. घरात त्यांच्यानंतर मांडे येणारी मी एकटीच. माझी नणंद अमळनेरला दिलेली, ती दर आखाजीला यायची, पण तिचा मांड्यांशी संबंध फक्त खाण्यापुरता.

मी नानांना म्हटलं, यंदा मांड्यांचं कसं करायचं? ते सुपारी कातरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिले तव्यानी पोयी बी चाली." आणि नंतर बराच वेळ सुपारीच कातरत राहिले. तेवढी सुपारी त्यांना आठवडाभर लागणार नव्हती. मग मी ठरवलं, एकदा जाऊन तर बघू.

धुळ्यात फिजिओथेरपीवाली एक तरुण मुलगी होती. नागपूरकडची, नुकतीच शिकून आलेली, आवाज गोड आणि बोटं लोखंडाची. तिने विचारलं, हाताने मुख्य काय करायचंय तुम्हाला? मी म्हटलं, मांडे. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाली, मांडीचं नंतर बघू, आधी हाताचं सांगा. मी म्हटलं, मांडी नाही हो, मांडे. ती म्हणाली, तेच ना, मांडी घालताना हात टेकवत नाही का? बाजूला गुडघ्याचा शेक घेत बसलेल्या शिरपूरच्या एका आजोबांना हसू आवरेना. शेवटी त्यांनीच तिला खानदेशातले मांडे समजावून सांगितले, इतक्या रंगात येऊन की त्यांच्या शेकाची वेळ संपल्याचं कुणाला कळलंच नाही.

मग तिने माझा हात वितळलेल्या गरम मेणात बुडवला. वर काढला, पुन्हा बुडवला. हातावर पांढरा जाड थर बसला. तोवर मला बरं वाटत होतं. थर सोलून काढल्यावर तिने कोपर धरलं, तळहात धरला आणि तो आभाळाकडे वळवायला सुरुवात केली. मी शिक्षिका आहे, चारचौघांत रडायची मला सवय नाही. त्या दिवशी मी आईला हाक मारली.

घरी नानांनी विचारलं काय केलं. मी सांगितलं, मेणात बुडवला. नाना म्हणाले, हात आहे की मेणबत्ती? सगळे हसले, मीही हसले. दोन-तीन फेऱ्या अशाच झाल्या. दुखणं तेवढं वाढत होतं, तळहात मात्र होता तिथेच. एके दिवशी एसटी समोर उभी असून मी चढले नाही. स्टँडवर उसाचा रस प्यायले आणि घरी आले. आता पुरे, असं ठरवूनच आले. ओझं उतरल्यासारखं वाटलं, अगदी खरं सांगते.

त्याच संध्याकाळी देवळात गेले. पुजाऱ्यांनी पळीत तीर्थ घेतलं, मी उजवा हात पुढे केला. तळहात वळेना, म्हणून मी खांदा वाकवला, कंबर वाकवली, जवळपास आडवी झाले. पुजारी पळी घेऊन थांबलेले. शेवटी त्यांनी ओतलं आणि ते हाताच्या उतारावरून थेट माझ्या पदरावर गेलं. मागच्या बाईने मला पदर पिळून तीर्थ घ्यायला सांगितलं. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

परत आले तर नाना फिरायला निघत होते. त्यांनी खुंटीवरची टोपी डाव्या हाताने काढली, पण डाव्या हाताने ती घालणं त्यांना चालत नसे म्हणून उजव्या हातात दिली, तो हात छातीशी धरला आणि मान खाली नेऊन डोकं टोपीत घातलं. हे मी लग्न झाल्यापासून पाहत होते. सगळा गाव पाहत होता. नाना टोपीला नमस्कार करून मग ती घालतात, एवढी त्या टोपीवर श्रद्धा, असं लोक सांगायचे. मीही पोरांना शाळेत सांगितलं होतं, मोठी माणसं वस्तूंचासुद्धा कसा मान ठेवतात.

ती धुळ्याची मुलगी मला आरशासमोर उभी करून सांगत असे, हात वळत नसला की शरीर लबाडी करतं. खांदा वाकवतं, कंबर वाकवतं, आणि तुम्हाला वाटतं जमलं. त्या संध्याकाळी ओसरीवर मला ती लबाडी समोर दिसली. मी नानांना विचारलं, हात वर जात नाही का तुमचा? ते म्हणाले, फार वर्षांपूर्वी कापसाच्या गाडीवरून पडलो होतो, तेव्हापासून जात नाही, पण काम कुठे अडतं? आणि सदरा नीट करून, तो नीटच असताना, ते निघून गेले.

मला एकाएकी भीती वाटली. आणखी वीस वर्षांनी लोक माझ्याबद्दल काय सांगतील ते दिसलं. मॅडम किती नम्र, तीर्थ घेताना अगदी आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या एसटीत सगळ्यांच्या आधी चढले.

मी त्या मुलीला मांडे करून दाखवायचं ठरवलं, कारण शिरपूरच्या आजोबांनी तिला मांड्यांची चव सांगितली होती, हात कसे फिरतात ते नव्हे. तिने एक टॉवेल ओला करून दिला. मी तो दोन्ही हातांवर घेतला आणि फिरवू लागले. डाव्या हातावर तो छान फिरे, उजव्यावर आला की घसरून जमिनीवर. ती बघत राहिली, मग म्हणाली, बस, हाच तुमचा व्यायाम. त्या दिवसापासून तिच्याकडे गेलं की मेण, मग ओढाताण, मग टॉवेल, आणि घरी नुसता टॉवेल. लोक मनात मांडे खातात, मी ओसरीवर टॉवेलाचे करत होते. नाना बाजेवरून बघायचे. टॉवेल पडला की मांडाच फाटला असं धरून म्हणायचे, "फाटना." पण एक दिवस तो पडला नाही, आणि ते बाजेवर सरसावून बसले. टॉवेल पडेना तेव्हा मला जो आनंद झाला तो बी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता.

आखाजीला पहाटेच चूल पेटवली. नणंद अमळनेरहून आदल्या दिवशी आलेली, ती जवळ बसून धीर देत होती आणि पुरण चाखत होती. हात अजून पूर्ण उताणा होत नव्हता, थोडी कसर होती, ती आजही आहे. मी पहिली पोळी हातांवर घेतली. ती डावीकडे नीट वाढली, उजवीकडे कलंडत राहिली. फाटली मात्र नाही. खापरावर टाकली तेव्हा ती गोल नव्हती, भलतीच लांबोडकी होती. नणंद म्हणाली, हा बाजूला ठेवू, नैवेद्याला दुसरा कर.

नाना घागरीसमोर पाटावर बसले होते. त्यांनी मागे वळून तो मांडा पाहिला.

"तोच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिना बी पहिला असाच व्हता."

नैवेद्य दाखवायला त्यांनी टोपी हातात घेतली, छातीशी धरली, आणि मान खाली न्यायला लागले. मग थांबले. घागरीकडे बघतच, नेहमीपेक्षा हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "मना खांदा बी व्हई का वं आते?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. मी धुळ्याला त्या मुलीला आधीच विचारून ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी पुरता सुटणार नाही, पण काही ना काही सुटेल, असं ती म्हणाली होती.

"बठ्ठा नही व्हनार, नाना," मी म्हटलं. "टोपीपुरता व्हई."

त्यांनी मान खाली नेऊन टोपी घातली, नैवेद्याभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. उठताना माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग सोमवारनी यष्टी कितला वाजता शे?"