भाई धुरींच्या खाटेचा उतार

नाव: भाई सखाराम धुरी. वय: एकसष्ट. राहणार: कट्टा, तालुका मालवण. व्यवसाय: गवंडी. सदर इसम निर्व्यसनी असून पथ्यास अनुकूल आहे.

कुडाळच्या दवाखान्यातल्या या नोंदीतली शेवटची ओळ भाईंनी स्वतः सांगून लिहवून घेतली. वीस वर्षं छातीत जळजळ होती आणि वीस वर्षं त्यावर एकच औषध चालू होतं: रात्री जेवणावर तांब्याभर सोलकढी, की लगेच आडवं. कोकम पित्तावर चांगलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पिऊन लगेच झोपू नये, हे कुणी सांगत नाही.

दुर्बिणीने तपासल्यावर डॉक्टर आकांक्षा म्हणाल्या, "याला बॅरेट्स इसोफेगस म्हणतात. आम्ल सारखं वर चढून अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदललंय. बहुतेकांना पुढे काही होत नाही, थोड्यांना कर्करोग होतो. तुकडा तपासायला पाठवलाय."

"म्हणजे गिलावो बदललो," भाई म्हणाले. "भिंत बरी आसा मा?"

"ते आठ दिवसांनी कळेल."

तोवर रोज गोळी, झोपण्याआधी तीन तास पोटात काही नाही, आणि खाटेची उशाकडची बाजू सहा इंच वर.

भाईंनी त्याच संध्याकाळी जांभ्याचे दोन चिरे तासून उशाकडे लावले. सकाळी त्यांच्या पत्नी सावित्रीबाई बघतात तर चिरे चारही पायांखाली. चाळीस वर्षं पातळी धरलेल्या माणसाला कलती खाट सोसली नव्हती.

"डॉक्टरणीन उतार सांगल्यान, माळो नाय."

"वाकडा दिसला की माका झोप येणा नाय गो."

"मगे कौलांक उतार कित्याक देतास?"

"पाणी आत येव नये म्हणान."

भाईंनी थोडा वेळ स्वतःच्या छातीकडे पाहिलं आणि पायथ्याचे दोन चिरे काढले.

आठ दिवस ते त्या उतारावर झोपले. म्हणजे पडून राहिले. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. कर्करोग नाही, त्याच्या वाटेवरच्या पेशीही नाहीत. गोळी चालू ठेवा, दुर्बीण पुन्हा तीन वर्षांनी. सोलकढी? "दुपारी, बेताने. जळजळलं तर बंद."

एसटी स्टँडपासून घरापर्यंत भाईंनी सात जणांना सांगितलं, "भिंत बरी आसा." त्यातल्या चौघांनी काही विचारलं नव्हतं.

दुपारी ते चार वाट्या सोलकढी प्यायले.